साखर होती, मोतीबिंदू झाला होता, व्हेंटिलेटरवर होते… मग नेत्रदान चालतं का?

रात्री अडीचला फोन वाजतो आणि पलीकडून कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, "मॅडम, आई गेली आमची. नेत्रदान करायचं म्हणायची. पण तिला साखर होती हो, पंधरा-वीस वर्षं. चालतंय का?"

चालतंय. आधी पंखा बंद करा, मग बोलू.

मी सोलापुरात एका नेत्रपेढीत तंत्रज्ञ आहे. सतरा वर्षं झाली. सुरुवातीला डॉक्टरांच्या मागे बर्फाची पेटी धरून जायचे. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली, प्रशिक्षित तंत्रज्ञालाही बुबुळ काढायची मुभा मिळाली, आणि पुढे ते काम माझ्या हातात आलं. इतक्या वर्षांत आजारपणामुळे वाया गेलेली बुबुळं मी पाहिलीच. पण त्याहून जास्त गेली ती घरच्यांनी मनाशीच अंदाज बांधल्यामुळे. बीपी होतं, चष्मा जाड होता, वय झालं होतं, म्हणून फोनच केला नाही. हे आम्हाला तेराव्यानंतर कुठल्यातरी लग्नात कळतं. म्हणून घरात कुणी वयस्क किंवा फार आजारी असेल, तर हे वाचून ठेवा. आजाराने बुबुळाचं काय होतं आणि तुमच्या हातात काय असतं, एवढंच यात आहे.

बुबुळात नेमकं काय टिकवायचं असतं

आम्ही अख्खा डोळा काढून नेतो असं अजूनही पुष्कळांना वाटतं. आता बहुतेक ठिकाणी फक्त पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, कडेच्या पांढऱ्या पट्टीसकट काढतात. मनगटी घड्याळावर काच असते ना, तशीच ती डोळ्यावर बसलेली असते. रुंदी ११-१२ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढी. जाडी मध्यभागी अर्धा मिलिमीटर. आणि तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही. त्यामुळे शरीरातले बरेच आजार तिच्या वाटेलाच जात नाहीत, आणि कॉर्निया बसवताना सहसा रक्तगटही जुळवत बसावं लागत नाही.

खरा जीव असतो तो तिच्या आतल्या बाजूच्या थरात. पेशींचा एकच थर, त्याला एंडोथेलियम म्हणतात. विहीर खणताना झरा फुटलेला असतो आणि मोटर लावून पाणी उपसत उपसत खोदकाम चालतं, तसं या थराचं काम. कॉर्निया डोळ्यातलं पाणी सतत शोषत असते आणि या पेशी ते सतत बाहेर टाकत असतात. मोटर बंद पडली की कॉर्निया फुगते, धुरकट होते. गेलेल्या पेशींच्या जागी नव्या येत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात, बस. जन्मताना एका चौरस मिलिमीटरमध्ये ४,००० च्या वर असतात, मोठेपणी २,५०० ते ३,००० उरतात, आणि पुढे वयाबरोबर थोड्या थोड्या कमी होत जातात. दृष्टीसाठी बसवायच्या कॉर्नियात २,००० तरी असाव्यात, असा बहुतेक पेढ्यांचा नियम आहे.

स्पेक्युलर मायक्रोस्कोपखाली या पेशी पोळ्यातल्या घरांसारख्या षटकोनी दिसतात. चांगली कॉर्निया असेल तर सगळी घरं एकसारखी, नेटकी. थकलेली असेल तर एक घर फुगलेलं, शेजारचं चेपलेलं, मधेच एखादा काळा डाग. आजाराने किती नुकसान केलं हे आम्ही त्या पडद्यावर बघतो. तुमच्या घरातल्या पलंगाशेजारी उभं राहून ते कुणालाच कळत नाही, मलाही नाही. टॉर्च मारून मी फक्त ढोबळ अंदाज घेते.

साखर, मोतीबिंदू, आणि 'तिला दिसतच नव्हतं'

बाळीवेशीतलं एक घर माझ्या चांगलं लक्षात आहे. आजी ८१ वर्षांच्या. साखर वीस वर्षांहून जुनी, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि शेवटची चार वर्षं साखरेने डोळ्यामागचा पडदा, म्हणजे रेटिना, खराब होऊन जवळपास अंधत्व. फोन केला होता नातवाने. मुलगा दारातच म्हणाला, "ताई, शेवटी तिला आम्हीसुद्धा दिसत नव्हतो. तिचे डोळे दुसऱ्याच्या काय कामाचे? पोरगं ऐकत नाही म्हणून थांबलोय."

मी त्यांना एवढंच सांगितलं, की त्यांचा खराब झालेला पडदा मागे आहे आणि मी नेणार आहे ती पुढची काच आहे. कॅमेऱ्याच्या आतली रीळ जळली म्हणून पुढचं भिंग फुटत नाही. पडद्याचे आजार, डोळ्याची नस सुकणं, जन्मापासूनचा रातांधळेपणा, यातलं काहीही असलं तरी कॉर्निया उत्तम असू शकते. ज्याला आयुष्यभर दिसलं नाही तोही नेत्रदान करू शकतो.

दुसऱ्या दिवशी मोजल्या तर उजव्या डोळ्यात २,२०० च्या वर पेशी निघाल्या, डाव्यात १,८०० ला थोड्या कमी. उजवी दृष्टीसाठी गेली. डावी जंतुसंसर्गाने बुबुळ फाटायला आलेल्या एका रुग्णाला बसवली. तिथे डोळा वाचवणं महत्त्वाचं असतं, नजरेचं नंतर बघता येतं. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत एवढा फरक का? बहुधा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे. त्या ऑपरेशनमध्ये थोड्या पेशी जातातच, कधी कमी कधी जास्त. म्हणून ऑपरेशन झालेला डोळा आम्ही नाकारत नाही, मोजतो. तुम्ही फक्त कोणत्या डोळ्याचं, साधारण कोणत्या साली झालं आणि नंतर काही त्रास झाला का, तेवढं सांगा.

साखरेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण 'चालतं' म्हटलं म्हणजे काही फरकच पडत नाही असं नव्हे. जुन्या मधुमेहात कॉर्नियाची बाहेरची साल खालच्या थराला नीट धरून राहत नाही. मृत्यूनंतर डोळा कोरडा पडला की ती लवकर सुटते. आतल्या पेशींचे आकारही वेडेवाकडे होतात. आणखी एक गोष्ट अलीकडच्या शस्त्रक्रियांमुळे महत्त्वाची झाली आहे. आता कित्येकदा अख्खी कॉर्निया न बदलता फक्त आतला थर बदलतात. त्यासाठी दात्याच्या कॉर्नियाचा सर्वांत आतला पडदा सोलून काढावा लागतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा पातळ. उकडलेल्या बटाट्याची साल कशी अलगद सुटते, कच्च्याची सुटत नाही; जुन्या, बिघडलेल्या मधुमेहात हा पडदा कच्च्या बटाट्यासारखा चिकटून बसतो आणि सोलताना फाटतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दात्याला मधुमेह असला तर बसवलेल्या कॉर्नियातल्या पेशी पुढच्या तीन वर्षांत जास्त घटतात, असंही दिसलं आहे.

म्हणून 'साखर होती' एवढ्यावर थांबू नका. किती वर्षं, गोळ्या की इन्सुलिन, पायाची जखम किंवा किडनीपर्यंत गेली होती का, हे सांगा. त्यावरून ही कॉर्निया कोणत्या शस्त्रक्रियेला द्यायची ते डॉक्टर ठरवतात. लपवलंत तर टेबलावर पडदा फाटतो आणि एक रुग्ण भूल देऊन तसाच परत जातो.

बीपी, हार्ट अटॅक, लकवा, दमा: काही अडचण नाही. चष्म्याचा नंबर कितीही असो, अडचण नाही. काचबिंदू असेल तर दाब किती वर्षं वाढलेला होता आणि ऑपरेशन झालं होतं का ते सांगा, बाकी आम्ही मोजून घेतो. म्हाताऱ्या माणसांच्या बुबुळाभोवती राखाडी-पांढरं कडं दिसतं, ते पाहून "बुबुळ पांढरं पडलंय" म्हणून फोन न केलेली घरं मला माहीत आहेत. ते कडं वयाचं असतं, कडेलाच राहतं, मधला भाग स्वच्छ असतो. उन्हातान्हात शेतात राबलेल्यांच्या डोळ्यात नाकाकडून बुबुळावर मांस चढलेलं असतं. तेही मध्यापर्यंत आलं नसेल तर चालतं. मधोमध फूल, म्हणजे पांढरा डाग, पडलेलं असेल तर तो डोळा दृष्टीसाठी जात नाही, पण दुसरा जाऊ शकतो.

चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन झालेल्यांबद्दल हल्ली वरचेवर विचारतात, कारण पंचवीस वर्षांपूर्वी ते करून घेतलेली पिढी आता पन्नाशीत आहे. त्यात कॉर्नियाचा वरचा भाग लेसरने पातळ केलेला असतो, त्यामुळे ती अख्खी बसवत नाहीत. आतला थर मात्र शाबूत असतो आणि तो वापरता येतो. टॉर्चच्या उजेडात त्या ऑपरेशनची खूण जवळजवळ दिसत नाही, म्हणून ते तोंडाने सांगावंच लागतं. कॉर्निया शंकूसारखी पुढे येण्याचा आजार असेल, ज्याला डॉक्टर केराटोकोनस म्हणतात, तर तेही आठवणीने सांगा.

कॅन्सर, कावीळ, डायलिसिस

पोटाचा, स्तनाचा, तोंडाचा, फुप्फुसाचा कॅन्सर असला, केमो झालेली असली, अगदी पसरलेला असला तरी साधारणपणे कॉर्निया घेतात. रक्तवाहिन्या नाहीत ना तिच्यात. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण किती, सांगायला नको. त्यांच्या घरून फोन येतो तेव्हा आवाजात आधीच नकार गृहीत धरलेला असतो. "हो, येते मी" म्हटलं की पलीकडे क्षणभर शांतता पसरते.

रक्ताचा कॅन्सर, पसरलेला लिम्फोमा आणि डोळ्यातलाच कॅन्सर, यांत मात्र घेत नाहीत.

काविळीत डोळ्याचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा दिसतो, काच पिवळी होत नाही. प्रश्न कावीळ कशामुळे झाली याचा असतो. हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर नाही. दारूने यकृत गेलेलं असेल किंवा पित्तनलिकेत खडा अडकलेला असेल, तर नुसत्या पिवळेपणावरून नकार देत नाहीत. डायलिसिसवर असलेल्यांचंही तसंच. किडनी निकामी होणं हे नाकारायचं कारण नाही, पण कधीकधी कॉर्नियात कॅल्शियमचा पांढरा पट्टा जमलेला असतो, तो बघावा लागतो.

दाता कितीही धडधाकट असो, आम्ही रक्त घेतोच. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिस. कुणावर संशय म्हणून नाही. देवळातल्या पुजाऱ्यांचंही घेतलंय. इथे एक खाचखळगा आहे. शेवटच्या दिवसांत रक्ताच्या पिशव्या आणि सलाइन भरपूर चढवलं असेल तर दात्याचं स्वतःचं रक्त पातळ होतं आणि तपासणीत आजार निसटू शकतो. म्हणून दवाखान्यात रक्त चढवण्याआधी घेतलेला नमुना शिल्लक आहे का ते विचारून ठेवा.

जिथे 'नाही' म्हणजे नाही

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, रेबीज, मेंदूचे काही विषाणूजन्य आजार, कारण न समजलेला मेंदूज्वर, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, आणि मृत्यूचं कारणच माहीत नसणं. ही यादी कागदी नाही. १९७४ मध्ये कॉर्नियातून क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा आजार दुसऱ्याला गेल्याची नोंद झाली, १९७८ मध्ये अमेरिकेत रेबीज गेला. ज्यांना नजर द्यायची त्यांचा जीव गेला.

एकदा तालुक्याच्या गावाहून बोलावणं आलं. पन्नाशीचा शेतमजूर माणूस, तीन दिवस ताप, बडबड, मग गेला. कागदावर ताप आणि झटके एवढंच. मी हातमोजे चढवत होते. भाचा चहा घेऊन आला आणि सहज म्हणाला, "मामाला शेवटी पाणीसुद्धा नको झालं होतं, पेला बघितला की अंग टाकायचा." मी विचारलं, कुत्रं वगैरे चावलं होतं का? घरात कुणालाच माहीत नव्हतं. मग शेजारच्या म्हातारीने सांगितलं, दिवाळीच्या आसपास बांधावर एक कुत्रं डसलं होतं, हळद लावली होती.

मी पेटी बंद केली. ती कॉर्निया काचेसारखी स्वच्छ होती. आणि आम्ही रक्ताच्या ज्या चाचण्या करतो, त्यांत रेबीज सापडत नाही. तो फक्त बोलण्यातून सापडतो. त्या भाच्याने चहा दिला नसता तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करते. म्हणून आम्ही दुःखाच्या घरी बसून खोदून खोदून प्रश्न विचारतो तेव्हा रागावू नका. कुत्रं, मांजर, माकड चावलं होतं का, गेल्या वर्षभरात वागणं बदललं होतं का, विसरायला लागले होते का, कधी रक्त चढवलं होतं का. कुठली गोष्ट महत्त्वाची आहे हे तुम्ही ठरवू नका, सगळं सांगा.

आयसीयू: इथे सगळ्यात जास्त बुबुळं जातात

माझा सगळ्यात मोठा राग इथे आहे. एका दवाखान्यात (नाव घेत नाही) ४४ वर्षांचे गृहस्थ नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. बायकोने स्वतःहून नेत्रदानाचं काढलं. मी गेले, पापणी उचलावीही लागली नाही. डोळे अर्धवट उघडेच होते, नऊ दिवस तसेच. खालच्या बाजूला, जिथे पापणी पोचली नव्हती तिथे, दोन्ही कॉर्नियांवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. कोरडं पडून साल निघाली होती आणि तिथे जंतू शिरले होते. दोन्ही गेल्या. त्या वयाच्या माणसाच्या पेशी किती सुरेख असतात हे मला ठाऊक आहे, म्हणून जास्त लागलं.

गुंगीत असलेल्या माणसाची पापणी लवत नाही. अंगात पाणी साठून डोळ्याचा पांढरा भाग फुगतो, मग पापण्या मिटतच नाहीत. वरून व्हेंटिलेटरचं इन्फेक्शन आहेच. यावर उपाय साधा आहे, पण तो कुणीतरी मागावा लागतो. तुम्ही भेटायला आत जाल तेव्हा खाली वाकून बघा: पापण्यांच्या फटीतून पांढरं किंवा बुबुळ दिसतंय का? दिसत असेल तर सिस्टरना विचारा, "डोळ्यांत मलम घालताय का? किती वेळाने?" दर काही तासांनी ओलावा टिकवणारं मलम किंवा थेंब, आणि पापण्या मिटवून वर हलकी चिकटपट्टी, एवढं पुरतं. नेत्रदानासाठी म्हणून सांगायची गरज नाही. माणूस बरा होऊन घरी आला तर त्यालाच ते डोळे लागणार आहेत.

आयसीयूच्या फायलीत 'सेप्सिस', म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, हा शब्द फार सढळ हाताने लिहिलेला असतो. तो वाचून तुम्ही माघार घेऊ नका. रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट, ताप, पांढऱ्या पेशी, कोणती अँटिबायोटिक चालू होती हे बघून आमचे डॉक्टर ठरवतात. पुष्कळदा नाहीच म्हणतात, पण ते त्यांना म्हणू द्या.

मेंदू मृत घोषित झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे किडनी, यकृत यांच्याबरोबर कॉर्नियाही घेता येतात, आणि आमच्या भागाचा समन्वय पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडून होतो. अपघात, गळफास अशा पोलीस केसमध्ये पोलिसांची परवानगी लागते. तेव्हा शवविच्छेदनाला नेण्याआधीच आम्हाला कळवा, म्हणजे कागद आणि आम्ही एकदमच पोचू.

गेल्यानंतरचे सहा तास

आता पंखा. आजाराने जे बिघडलं नाही ते शेवटच्या सहा तासांत बिघडतं, आणि सोलापूरच्या मे महिन्यात तर तीनच तासांत. वरून पंखा गरगरत असतो, पापणी अर्धी उघडी, कॉर्निया सुकत चाललेली. पाणी उपसणाऱ्या पेशींची मोटर हळूहळू थांबत असते, मग कॉर्नियात सुरकुत्या पडतात. मायक्रोस्कोपखाली त्या चुरगळलेल्या सेलोफेनसारख्या दिसतात.

पंखा बंद. एसी असेल तर चालू. पापण्या पूर्ण मिटवा. मिटत नसतील तर दोन बोटांनी हलकेच दाबून दोन-तीन मिनिटं धरा. वर स्वच्छ पाण्याने भिजवून पिळलेला कापूस ठेवा आणि सुकला की बदला. बर्फ थेट डोळ्यावर नको. डोक्याखाली उशी द्या, डोकं वीतभर उंच राहू दे, म्हणजे चेहऱ्याकडे रक्त उतरत नाही आणि नंतर डोळ्यातून रक्त येत नाही. मुखात तुळशीपत्र, गंगाजल खुशाल घाला, उशाशी दिवा लावा, डोळ्यांवर मात्र दुसरं काही ठेवू नका. नातेवाईक येईपर्यंत शीतपेटीत ठेवायचं असेल तर उत्तमच, फक्त किती वाजता ठेवलं ते भिंतीवर लिहून ठेवा. दुःखात वेळ कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि मला तो मिनिटांत हवा असतो.

आणि लगेच फोन. "सगळे जमू देत, मग बघू" म्हणत चार तास जातात. पुण्याहून मुलगी निघालीय म्हणून थांबायचं असेल तरी फोन आधी करा. आम्ही तिच्याआधी येऊन जातो, तिला चेहऱ्यात काही फरकही जाणवत नाही. काम वीस मिनिटांचं असतं, डोळ्यावर पारदर्शक टोपी बसवून पापणी मिटवतो.

फॉर्म भरलेला नसेल तरी चालतं. जवळच्या नातेवाइकाची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. उलट फॉर्म भरलेला असूनही घरच्यांनी नको म्हटलं तर आम्ही घेत नाही.

वय

"८५ वर्षांच्या बाईंचे डोळे?" असं विचारतात. अमेरिकेत हजाराहून जास्त रुग्णांवर झालेल्या कॉर्निया डोनर स्टडीत ६५ पर्यंतचे दाते आणि ६६ ते ७५ चे दाते असे दोन गट होते. पाच वर्षांनी दोन्हींतल्या ८६ टक्के कॉर्निया नीट काम करत होत्या. आतला पडदा सोलायच्या शस्त्रक्रियेला तर डॉक्टर पन्नाशीपुढचा दाताच मागतात, कारण तरुणाचा पडदा सुटल्यावर बिडीच्या पानासारखा घट्ट गुंडाळला जातो आणि उलगडता उलगडत नाही. अगदी तान्ह्या बाळांची कॉर्निया फार लवचीक असते, ती क्वचितच वापरतात.

कॉर्निया गुलाबी द्रावणाच्या बाटलीत ४ अंशांवर राहते. एमके नावाच्या द्रावणात चार दिवस, महागड्या द्रावणात चौदा दिवसांपर्यंत. तोवर रिपोर्ट येतात, पेशी मोजून होतात. पेशी कमी निघाल्या तर ती संसर्ग झालेला डोळा वाचवायला किंवा नव्या डॉक्टरांच्या हाताला सराव द्यायला जाते. तुम्ही विचारलंत तर कशासाठी गेली ते खरं सांगते. कुणाला बसवली ते मात्र सांगता येत नाही.

आमच्या घरी फ्रिजवर आईचा एक कागद चुंबकाने लावलेला आहे. वर नेत्रपेढीचा आणि फॅमिली डॉक्टरांचा नंबर. खाली तिच्या गोळ्या, साखर कोणत्या सालापासून, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन २०१६, रक्त कधी चढवलं नाही, जुने रिपोर्ट कपाटाच्या कोणत्या कप्प्यात. तुमच्याकडेही असा एक कागद करून ठेवा, आणि माणूस शुद्धीत असताना त्याच्याच तोंडून भरून घ्या. मी आईचा कागद लिहून लावला तेव्हा ती चष्मा पुसत पुसत सगळा वाचून गेली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर खाली तिच्या थरथरत्या अक्षरात भर पडली होती: "कुत्रा चावला नाही. मांजराने एकदा ओरबाडले, १९८८, शेजारच्या."